एकच धनुष्य, बारीक बाण आणि जाड बाण: ट्यूनिंग एकदाच की दोनदा?

सरळरेष

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे. पण आकडे न देता विचारलं की "आधी आकडे दे" असंच उत्तर येतं, म्हणून सगळं एकदमच लिहिते.

रिकर्व्ह धनुष्य. रायझर (मधला दांडा) २५ इंची, लिंब (वरची-खालची पाती) मीडियम, म्हणजे एकूण ६८ इंच. मी उजव्या हाताने खेचते. क्लिकरला (खेच पुरी झाली हे सांगणारी पट्टी) बोटांवर ३६ पाउंड येतात. ब्रेस हाइट (मुठीपासून दोरीचं अंतर) २२.३ सेंमी, टिलर (दोन्ही लिंबांच्या मुळापासून दोरीच्या अंतरांतला फरक) वरच्या बाजूला ४ मिमी जास्त, नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) काटकोनाच्या ६ मिमी वर. मैदानात ७० मीटर खेळते, साइट, क्लिकर, स्टॅबिलायझर असा सगळा सरंजाम लावून. बाण कार्बनचे, ६०० स्पाइन (बाण किती वाकतो त्याचा आकडा), व्हर्नियरने ५.५ मिमी भरतात. हे सगळं आमच्या सरांनी लावून दिलंय आणि त्याबद्दल काडीची तक्रार नाही. ३० मीटरवर बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांतच जाऊन बसतात, म्हणजे ट्यूनिंग बरोबर आहे.

आता इनडोअरच्या मोसमात त्याच रायझरवर बेअरबो खेळायचं डोक्यात घेतलंय. साइट, क्लिकर, रॉड सगळं काढलं, खाली एक वजन लावलं. तिन्ही बोटं बाणाखाली, अँकर (खेचलेला हात चेहऱ्याला टेकतो ती जागा) हनुवटीखालून उचलून ओठाच्या कोपऱ्यात, आणि स्ट्रिंग वॉकिंग, म्हणजे अंतराप्रमाणे बोटं दोरीवर खाली सरकवून नेम धरणं. बाण एका मैत्रिणीकडून मिळाले: ॲल्युमिनियमचे २३१५, २९ इंचांवर कापलेले, ४ इंची पिसं. तिचं धनुष्य माझ्यापेक्षा बरंच कडक होतं.

अडचण अशी की १८ मीटरवर हे बाण डावीकडे जातात, तेही शेपूट उजवीकडे करून. बिनपिसांचा बाण तर ग्रुपपासून हातभर डावीकडे. प्लंजरची (बाणाला बाजूने टेकणारं स्प्रिंगचं बटन) स्प्रिंग सैल करत करत आता अशी अवस्था आहे की फुंकर मारली तरी बटन आत जाईल, पण बाण काही ऐकत नाहीत. शिवाय सोडताना "टक्" असा बारीक आवाज येतो, जो कार्बनला कधीच येत नाही.

दोन्ही बाणांना चालेल असं प्लंजरचं मधलं सेटिंग असतं का? की दर मोसमात सगळं उसवून पुन्हा लावायचं? मैदानाचं लागलेलं ट्यूनिंग बिघडेल याची खरं तर जास्त धास्ती आहे. जाणकारांनी सांगावं.

ठोकळेबाज

ताई, ट्यूनिंगच्या नादी लागू नका. रोज शंभर बाण मारा, धनुष्य आपोआप सरळ मारायला लागेल. अर्धी दुनिया पाना घेऊन बसलीय आणि फॉर्मच्या नावाने शंख.

जुना फिटर

मधलं सेटिंग नसतं. काढायला गेलीस तर ना कार्बन धड उडेल ना ॲल्युमिनियम. पण सगळं उसवायचीही गरज नाही. कुठल्या गोष्टी हलवायच्या आणि कुठल्यांना हात लावायचा नाही हे एकदा वेगळं काढलं की झालं. माझी अख्खी नोकरी टूलरूममध्ये गेली, त्यामुळे मला धनुष्यातलं काव्य कमी दिसतं आणि थ्रेड जास्त दिसतात. तेव्हा सांभाळून घे.

आधी नुसती जाडी घेऊ. तुझा कार्बन ५.५ मिमी. २३१५ मधले पहिले दोन आकडे म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग, २३/६४, म्हणजे ९.१ मिमी. पुढचे १५ म्हणजे भिंतीची जाडी, इंचाचे हजारावे भाग. आता बाणाची एक बाजू बटनाला टेकते. बटन जागचं न हलवता बारीक बाणाच्या जागी जाड बाण ठेवलास, तर त्याचं केंद्र दोन्ही त्रिज्यांतल्या फरकाइतकं बाहेर सरकलं: ४.५५ वजा २.७५, म्हणजे १.८ मिमी. तुझ्यासारख्या उजव्या हाताच्या माणसाला डावीकडे. आणि बाण रेस्टच्या (खालून आधार देणाऱ्या) तारेवरही बसतो, म्हणून तेच केंद्र १.८ मिमी वरही गेलं. एकाच वेळी दोन्ही दिशांना. स्प्रिंगला तू कितीही पिळलंस तरी ही भूमिती बदलत नाही.

गंमत बघ. जाड बाण घ्यायचा तो कशासाठी? रेषेला शिवला की वरचे गुण मिळतात म्हणून. वर्ल्ड आर्चरीच्या नियमात शाफ्ट ९.३ मिमीपर्यंत चालतो, म्हणून सगळे त्या हद्दीला जाऊन चिकटतात. तुझा फायदा दर बाजूला किती? तेच १.८ मिमी. टार्गेटवर जे मिळवायचं ते बटनाशी आधी चुकतं करावं लागतं.

ते चुकतं करायचं कसं, तर स्प्रिंगने नाही, कॉलरने. प्लंजरच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. मागचा स्क्रू स्प्रिंगचा ताण बदलतो. बटन रायझरमधून किती बाहेर येतं ते कॉलर ठरवते. प्लंजरच्या बॉडीचा थ्रेड ५/१६ इंची, इंचाला २४ आटे. म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला १.०६ मिमी. तुला १.८ मिमी आत जायचंय, म्हणजे पावणेदोन फेरे, थोडे कमीच. लिंबांच्या मधोमध दोरी धरून मागून बघ. पॉइंटचं टोक दोरीच्या डाव्या कडेला अर्धं-अधिक बाहेर दिसलं पाहिजे. तुझ्या कार्बनचं जसं दिसतं तसंच या बाणाचं दिसेपर्यंत आत घे. रेस्टची तारही १.८ मिमी खाली, म्हणजे बटन बाणाच्या पोटावर मधोमध येईल. रेस्ट चिकटवायचा असेल आणि खालीवर होत नसेल तर उखडू नकोस. नॉकिंग पॉइंट तेवढाच वर घे आणि बटन जरा खालच्या अंगाला टेकतं ते सोडून दे. फार बिघडत नाही.

हे सगळं केलंस तरी तुझे बाण डावीकडेच जातील, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

कारण स्पाइन. ६०० म्हणजे काय? २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकू, त्यावर शाफ्ट, मध्ये ८८० ग्रॅम वजन, आणि शाफ्ट ०.६०० इंच वाकला. म्हणजे सव्वापंधरा मिमी. हे मी घरी दोन व्ही-ब्लॉक आणि डायल गेज लावून कुठल्याही बाणावर करून बघतो, त्यात काही रॉकेट सायन्स नाही. तुझा २३१५ त्याच टेकूंवर ठेवला तर साधारण ०.३४ इंच वाकतो, साडेआठ मिमीच्या आसपास. निम्म्याहून थोडाच जास्त! बोटांनी दोरी सोडताना ती सरळ पुढे जात नाही, बोटांवरून घसरत आधी बाजूला जाते आणि मग परत येते. त्या धक्क्याने बाण कमरेत वाकतो, रायझरला वळसा घालतो आणि शेपूट रेस्टला न शिवता निघून जातं. तुझ्या ३६ पाउंडांत तो सळईसारखा बाण वाकायलाच तयार नाही. मग शेपूट आपटतं. ते "टक्" बहुतेक तेच आहे.

त्यात अँकर बदललास. हनुवटीखालून ओठाच्या कोपऱ्यात आलीस आणि क्लिकरही काढलास, म्हणजे खेच कमी झाली असणार. या वजनाच्या धनुष्याला एक इंच कमी खेचलं की साधारण दोन पाउंड जातात. मोजून बघ. बाण खेचून धर आणि कुणाला तरी बटनाच्या जागी शाफ्टवर स्केचपेनची खूण करायला सांग, एकदा जुन्या अँकरला, एकदा नव्या. म्हणजे आधीच कडक बाण, वर पाउंड कमी, वर केंद्र बाहेर. तिन्हीची दिशा एकच, आणि तू इलाज करतेयस स्प्रिंगवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

स्प्रिंग ही शेवटची बारीक सफाई करायला असते. बाण आणि बटन यांचा संबंध अगदी सुरुवातीच्या क्षणापुरता, तेवढ्यात ती किती उणीव भरून काढणार? बिनपिसांचा बाण बोटभर डावा असता तर मी म्हटलं असतं पाव फेरा सैल कर. हातभर डावा म्हणजे बाणच चुकीचा.

तो सुधारण्याचे रस्ते: शाफ्ट लांब ठेवणं (तुझे कापून झालेत), पॉइंट जड करणं, पाउंड वाढवणं. जड पॉइंटने काहीसा फरक पडेल, पण ३४० चा ६०० होणार नाही. पाउंड वाढवायला लिंबाचे बोल्ट फिरवावे लागतील, आणि तिथे माझी हरकत आहे. मैदानाचं ट्यूनिंग ज्यावर उभं आहे ते हेच बोल्ट. त्यांना हात लावू नकोस.

त्यापेक्षा बाण बदल. २०१४ बघ. २०/६४ म्हणजे ७.९ मिमी, स्पाइन ५८० च्या आसपास. २३१५ च्या तुलनेत रेषेवर दर बाजूला ०.६ मिमी सोडतेस. त्या ०.६ मिमीसाठी एवढा त्रास घ्यायचा का, हे तुझं तू ठरव. मी नसता घेतला. न कापता लांब ठेव, म्हणजे कडकपणा लागेल तसा कमी-जास्त करायला पॉइंटचं वजन हाताशी राहतं.

आणि उसवाउसवी टाळायची असेल तर दुसरा प्लंजर ठेव आणि दुसरी दोरी ठेव. प्लंजरची कॉलर जाड बाणासाठी लावून तिचा बारीक स्क्रू घट्ट करून टाक. दोरी तेवढ्याच धाग्यांची, पीळ देऊन ब्रेस हाइट तीच, २२.३. नॉकिंग पॉइंट मात्र त्या दोरीवर त्या बाणाचे. मोसम बदलला की दोरी बदल, प्लंजर बदल, रेस्टची उंची लिहिलेल्या मापावर आण. रायझर, बोल्ट, टिलर, सगळं जिथल्या तिथे. सरांनी लावलेल्या मापांचा कागद मात्र आजच करून ठेव, डोक्यावर विसंबू नकोस.

ठोकळेबाज यांना: शंभर बाण मारायला कुणाची ना नाही. पण शेपूट रेस्टवर आपटणारा बाण शंभर वेळा मारला तर शंभर वेळा आपटतो. आणि पोरं मग तो सरळ जावा म्हणून नकळत हात फिरवायला लागतात, ते काढता काढता कोचच्या नाकी नऊ येतात.

तीनबोटी

फिटरकाका, बाणाच्या भागाला शंभर टक्के अनुमोदन. पण स्ट्रिंग वॉकिंगचं गणित थोडं वेगळं आहे, ते सांगतो.

सरळरेष, तू नॉकिंग पॉइंट ६ मिमी लिहिलायस. तो बोटं वर-खाली धरण्याच्या (एक बोट बाणाच्या वर, दोन खाली) पद्धतीचा आहे. बेअरबोत तीच दोरी वापरतेयस का? तसं असेल तर तुझ्या "टक्"चं अर्धं उत्तर इथे आहे. तिन्ही बोटं खाली, आणि त्यात तू क्रॉल घेऊन, म्हणजे बोटं खाली सरकवून, नॉकच्याही (बाणाच्या शेपटाची दोरीत बसणारी खाच) बरंच खाली दोरी पकडतेस. त्यामुळे खालचं लिंब जास्त ओढलं जातं आणि सोडताना नॉक वर-खाली वेगळ्या वाटेने जातो. नॉकिंग पॉइंट खाली असेल तर बाण रेस्टच्या तारेवर दाबला जातो आणि तिथून उसळतो. मी १२ ते १४ मिमीच्या दरम्यान असतो, आणि ट्यूनिंगची सुरुवात त्याहून वरून करतो.

वरूनच का, ते महत्त्वाचं आहे. नेहमीचा नियम काय? बिनपिसांचा बाण खाली लागला तर नॉकिंग पॉइंट जास्त वर आहे, खाली आण. पण खूप खाली असलेल्या नॉकिंग पॉइंटवरून बाण तारेवर उसळला, तर त्याचंही शेपूट वर उडतं आणि तोही खालीच लागतो. लक्षण तेच, कारण बरोबर उलटं. माणूस नियमाप्रमाणे आणखी खाली आणतो आणि आणखी खड्ड्यात जातो. वरून सुरुवात केली की ही फसगत होत नाही.

नॉकच्या वर एक आणि खाली एक असे दोन नॉकिंग पॉइंट बांध, धाग्याचे. आपल्या पद्धतीत बाणाला वरून धरायला बोट नसतं, खालचा नसेल तर नॉक दोरीवरून खाली घसरतो.

टिलरबद्दल माझं मत वेगळं. वरचे ४ मिमी जास्त हे बोटं वर-खाली धरणाऱ्याचं माप आहे. तीन बोटं खाली असतील तर शून्य किंवा शून्याच्या जवळ हवं. क्रॉल घेतला की धनुष्य हातात शांत राहतं.

आणि इनडोअरला एक मोठी सोय आहे, ती लोक विसरतात. अंतर एकच, १८ मीटर, म्हणजे क्रॉलही एकच. त्या एकाच क्रॉलला ट्यून कर, बाकीच्या अंतरांचं ओझं घेऊ नकोस. फिल्डला ५० मीटरपर्यंत वेगवेगळे क्रॉल घ्यावे लागतात, तिथे प्रत्येक क्रॉलला बाण थोडा वेगळा वागतो आणि कुठेतरी तडजोड करावीच लागते.

जाता जाता: लांब आणि जड बाणाचा खरा फायदा रेषेला शिवण्यात नाही, क्रॉल कमी होण्यात आहे. जड बाण हळू जातो, लांब बाणाचं टोक डोळ्यापासून दूर असतं. दोन्हीमुळे टोक थेट मध्यावर ठेवून लागतं ते अंतर जवळ येतं, मग १८ मीटरला दोरीवर कमी खाली उतरावं लागतं. क्रॉल जितका छोटा तितकं धनुष्य कमी वाकडं चालतं. या हिशेबाने काकांनी सुचवलेला न कापलेला २०१४ एकदम बरोबर.

जुना फिटर

तीनबोटी, फसव्या उसळीचं चांगलं सांगितलंस, मी ते लिहायलाच हवं होतं. टिलरवर मात्र मी अडून बसणार. शून्य टिलर चांगला असेलही. पण तो करायला वरचा बोल्ट आवळायचा किंवा खालचा सोडायचा, म्हणजे पाउंड बदलले, नॉकिंग पॉइंट सरकला, आणि मोसम संपल्यावर तिचं ७० मीटरचं ट्यूनिंग पुन्हा पहिल्यापासून. तूच म्हणतोस की क्रॉल एकच आहे. मग त्या एका क्रॉलला जे काही वर-खाली होतंय ते नॉकिंग पॉइंट पचवेल. पुढे बेअरबोच खेळायचं ठरलं तर टिलर करू दे ना, कोण अडवतंय.

तीनबोटी

चालेल. या मोसमापुरतं मान्य. पण धनुष्य खालून लाथ मारतंय असं वाटलं तर माझं नाव काढायचं.

चाकवाला

मी कंपाउंडवाला, सहज डोकावलो. तुमच्या बोटांच्या भानगडी वाचून रिलीजला नमस्कार केला. आमच्याकडे दोरी हुकातून सुटते, बोटांवरून बाजूला घसरत नाही, त्यामुळे बाण मुख्यतः वर-खाली वाकतो आणि आम्ही तो दोरीच्या जवळपास सरळ रेषेतच ठेवतो, टोक बाहेर काढत नाही. स्पाइन आम्हालाही लागतो, पण तुमच्याइतका तो जिवावर उठत नाही. एवढंच. चालू द्या.

पंचगिरी

एक भर. खाली वजन लावलंयस ना? बेअरबोच्या नियमाप्रमाणे दोरी उतरवलेलं धनुष्य सगळ्या जोडण्यांसकट १२.२ सेंमी आतला व्यास असलेल्या रिंगमधून गेलं पाहिजे. स्पर्धेच्या दिवशी तपासणीच्या टेबलावर वजन बाहेर आलेलं कळलं तर ते काढावं लागेल, आणि तोल बदलला की हातही बदलतो. ट्यूनिंगच्या आधीच पुठ्ठ्याला भोक पाडून घालून बघ.

सरळरेष

सगळ्यांचे आभार, विशेषतः काका आणि तीनबोटीदादा.

पुठ्ठ्यातून गेलं, थोडं घासून पण गेलं.

खेच मोजली. क्लिकरला २८¼ इंच, ओठाच्या कोपऱ्याला २७½. म्हणजे पाऊण इंच गेला, काकांच्या हिशेबाने दीड पाउंड. हो, दोरी तीच होती, ६ मिमीवालीच.

क्लबमधल्या एकाकडे २०१४ चे चार बाण होते, न कापलेले, दोनांची पिसं काढायची परवानगीही मिळाली. जुना प्लंजर काढून ठेवला, सरांकडचा एक जादाचा घेतला. फरक (७.९ वजा ५.५) भागिले दोन, १.२ मिमी, म्हणजे एक फेरा आणि वर थोडंसं. तेवढा आत घेतला, रेस्टची तार तेवढीच खाली. दुसऱ्या दोरीवर धाग्याचे दोन नॉकिंग पॉइंट, १४ मिमीवर. बोल्टना हात लावला नाही.

आता डावं-उजवं जवळजवळ मिटलं. बिनपिसांचा बाण ग्रुपच्या डाव्या कडेला, दोन बोटं बाहेर. स्प्रिंग मी मध्यम ताणावर ठेवली आहे. पण तो खाली लागतोय, वीतभर. आणि "टक्" नाही, पण कधीमधी "खुस्" असं काहीतरी ऐकू येतं.

नियमाने नॉकिंग पॉइंट खाली घ्यायला हवा. पण तीनबोटीदादांनी फसव्या उसळीचं सांगितल्यापासून हात धजत नाही. १४ हे पुरेसं वर समजायचं की नाही?

जुना फिटर

दोन बोटं डावीकडे म्हणजे आता स्प्रिंगचं काम आलं. पाव फेरा सैल कर, पुन्हा बघ, पुन्हा पाव. किंवा पॉइंट थोडा जड मिळाला तर स्प्रिंग तशीच ठेव आणि तो लाव. मला दुसरं जास्त आवडतं, क्रॉलही कमी होईल.

"खुस्" साठी पायाला मारतात तो कोरडा पावडर स्प्रे आण. बाणाच्या मागच्या वीतभर भागावर आणि पिसांवर पातळ फवारा, रेस्टच्या तारेवर आणि रायझरच्या खिडकीवरही. एक पिसांचा बाण मार आणि बाण टार्गेटमधून काढायच्या आधी रायझर बघ. पावडर कुठे पुसली गेली ते लख्ख दिसतं. पीस तारेच्या टोकाला घासत असेल तर नॉक किंचित फिरव, आट्याच्या हिशेबात नव्हे, नखाएवढा, आणि पुन्हा फवार. वरून बघताना तारेचं टोक बाणाच्या बाहेर डोकावत नाही ना, तेही बघ. बारीक बाणासाठी बाहेर काढलेली तार आता आत लपलेली असेल, पण खात्री कर.

नॉक दोरीत किती घट्ट बसतो? धनुष्य आडवं धर, बाण दोरीला लटकव, दोरीवर टिचकी मार. टिचकीने सुटला पाहिजे. आपोआप पडत असेल किंवा ओढावा लागत असेल तर बाकी सगळं मोजणं फुकट. दुसऱ्या दोरीची मधली गुंडाळी वेगळ्या जाडीची असू शकते, आणि त्या बाणांचे नॉकही तुझ्या कार्बनचे नाहीत.

वर-खालीचं तीनबोटी सांगेल.

तीनबोटी

१४ बहुतेक पुरेसं आहे, पण "बहुतेक"वर कशाला राहायचं? आधी काकांनी सांगितलेली पावडर मार, तार आणि पीस मोकळे करून घे, नाहीतर पुढचं सगळं वाचन खोटं येईल. मग नॉकिंग पॉइंट खाली नको घेऊस, २ मिमी वर घे. धाग्याचा बांधलेला आहे ना? नटासारखा पिळत पिळत वर चढव, खालचा आणि वरचा दोन्ही सारखे फेरे. तीन पिसांचे, जमतील तेवढे बिनपिसांचे, त्याच क्रॉलला.

बिनपिसांचा बाण वर आला तर आधीचं वाचन फसवं होतं, बाण तारेवर उसळत होता. आणखी वर जात राहा, जिथे सुधारणा थांबेल तिथे थांब. आणखी खाली गेला तर वाचन खरं होतं. मग १६ वरून खाली यायला लाग, एकेक मिमी. तो पिसांच्या बाणांपेक्षा अगदी किंचित खाली राहिला तरी मी पुढे छेडत नाही. शेवटी ग्रुप बघायचा. बिनपिसांचा बाण बरोब्बर मध्यात आणण्याच्या हट्टापायी पिसांचा ग्रुप फाकवून बसलेले लोक मी पाहिलेत.

आणि धाग्याला ग्लू आत्ता लावू नकोस, चार-पाच सरावांत जागा बदलली नाही की मग थेंबभर.

सरळरेष

नॉक टिचकीने सुटत नव्हता, ओढावा लागत होता! दोरीची गुंडाळी जाड निघाली. उद्या पातळ धाग्याने पुन्हा गुंडाळते, मग पावडर, मग २ मिमी वर. आकडे इथेच टाकते.

ठोकळेबाज

गुंडाळून झालं की ते शंभर बाण पण मारा.